रेघ तुटली तर

संत तुकाराम नगर, पिंपरी
८ जानेवारी, गुरुवार

अंजली,

फोन करू नकोस, लिही, असं तू म्हणालीस. फोनवर मी चौकशी करतो, पत्रात ती करता येत नाही, हे तुझं कारण. मान्य आहे. चार महिन्यांत तुझा फोन नऊ वेळा लागला. त्यातल्या किती वेळा मागे पुरुषाचा आवाज होता, हे मी विचारणार नाही.

पाकिटाच्या तोंडावर पिवळी रेघ आहे. अर्धी झाकणावर, अर्धी पाकिटावर. तुला ती कशाची ते माहीत आहे. तुझ्या भावाला नसेल, म्हणून लिहितो. उद्धवराव, कंपनीत नट आवळून तपासला की नटावरून खालच्या पट्टीपर्यंत अशी एक रेघ ओढतात. नंतर कुणी नट हलवला तर रेघेची दोन टोकं जुळत नाहीत. पुन्हा जुळवायचा प्रयत्न करू नका. जुळत नाहीत.

आता कामाचं. फेब्रुवारीअखेर स्वरूपाची शाळा ठरली नाही तर तू येऊन तिला जिंतूरला, तुझ्या माहेरी नेणार, ही तुझी अट. तिथे तिच्यासारख्या मुलांसाठी काय आहे, ते तू लिहिलेलं नाहीस. मी इथे शोधतो आहे. नऊ वर्षांची मुलगी. बोलत नाही. मोठा आवाज झाला की कान झाकते. हात दुसऱ्याने धुवायचे, कपडे दुसऱ्याने बदलायचे. दिवसभरात तिच्याशी कोण कसं वागलं, हे ती संध्याकाळी सांगणार नाही. शाळा शोधताना मला फक्त हे एक वाक्य डोक्यात ठेवावं लागतं.

जुन्या शाळेने दिवाळीत हात वर केले तेव्हापासून ती आईजवळ असते. माझ्या आईचे गुडघे तुला ठाऊक आहेत. स्वरूपाच्या मागे जिन्यात पळणं तिला होत नाही. तू होतीस तेव्हा ती घरातल्याच चपला ओळीने लावायची. आता चारही मजल्यांच्या दारांतल्या चपला गोळा करून आपल्या मजल्यावर आणते. लहानापासून मोठ्यापर्यंत एक रांग. खालचे अण्णासाहेब परवा म्हणाले, "नागसेनराव, आम्हाला आता ऑफिसला जायचं म्हणजे आधी तुमच्याकडे येऊन चप्पल सोडवून न्यावी लागते." हसत म्हणाले. पण बोलले.

आज गुरुवारची सुट्टी, म्हणून रावेतकडची एक शाळा पाहिली. जाहिरातीत हसणारी मुलं आहेत ती. मी वेळ घेऊन गेलो, ती चूक झाली. फरशी ओली होती आणि फिनेलचा वास येत होता. आमच्याकडे कस्टमरचं ऑडिट असतं त्या दिवशी हाच वास येतो. मुलं एका आवाजात "गुड मॉर्निंग सर" म्हणाली. म्हणणारी सगळी पुढच्या रांगेत होती. मागच्या रांगेतली चौघं भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्यांचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "ती आज जरा थकलीयेत."

"आमच्याकडे आजवर एकही तक्रार नाही," असंही म्हणाल्या. मी तक्रारवही मागितली. वही इतकी कोरी होती की उघडताना तिची शिवण कडकडली.

ही शाळा नाही.

नागसेन


२२ जानेवारी, गुरुवार

अंजली,

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. "रेघ शाबूत होती. मीच फोडली. शाळेबद्दल लिही." तू लिहितेस म्हणून मी मानतो.

थेरगावची शाळा. डांगे चौकाजवळ, औषधाच्या दुकानावर दुसरा मजला. तिथे आठ दिवस मुलाला बसवून बघू देतात. प्रवेश त्यानंतर. मला हे बरं वाटलं. बाई तरुण, शिकलेल्या. भिंतीवर चित्रं. जिन्याला जाळी आहे, जाळीला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे असते हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

बोलण्यावर मी जात नाही. पहिल्या दिवशी सकाळी स्वरूपाच्या उजव्या तळव्यावर बॉलपेनने एक ठिपका केला. ज्वारीच्या दाण्याएवढा. जेवायच्या आधी कुणी साबणाने हात धुतले तर संध्याकाळी तो पुसट व्हायला हवा. एवढीच तपासणी. कुणाला त्रास नाही.

संध्याकाळी ठिपका जसाच्या तसा होता. दुसऱ्या दिवशीही. सहाव्या दिवशी मी मुद्दाम मोठा केला, चिंचोक्याएवढा. तो तसाच परत आला. हात धुतले नाहीत हे एक. पण आठ दिवसांत तिचा तळवा उघडून एकदाही कुणी बघितला नाही, हे मला जास्त लागलं.

आईने चौथ्या दिवशी विचारलं, "तिच्या हाताला काय लावतोस रं रोज?"

"शाई लागली असेल."

"रोज त्याच जागी लागती व्हय शाई? लेकराला काय पार्सल समजलास का, शिक्का मारून धाडायला?"

 तूही आता हेच लिहिणार, म्हणून आधीच सांगतो, चपलेचा विषय काढू नकोस. तो वेगळा होता.

थेरगाव नाही.

नागसेन


५ फेब्रुवारी, गुरुवार

अंजली,

"तिच्या अंगावर खुणा करू नकोस." एवढं एकच वाक्य, आणि खाली सही. बरं. ठिपका बंद केला.

शाळा तिसरी. मोशी, गावठाणात, नदीच्या बाजूला. एका बैठ्या घराच्या चार खोल्या. पत्र्याचं फाटक. पाटी हाताने रंगवलेली, शेवटची अक्षरं जागा संपली म्हणून बारीक झालेली. मी न कळवता गेलो. मुख्य बाई सुमनताई, साठीच्या, मूळच्या तिथल्याच. एका मुलाचं नाक पुसत होत्या. मी दारात उभा असताना त्यांनी आधी ते नाक पूर्ण पुसलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

तक्रारवही मागितली. त्यांनी दोन दिल्या. एक तक्रारींची, एक अपघातांची. दुसरी जाड होती, कोपरे दुमडलेले. मी उघडली. "चावा, डावा दंड, सोडवायला उशीर झाला, चूक आपली." "झोक्यावरून पडला, लक्ष नव्हतं." "गोळी पाऊण तास उशिरा दिली, आईला कळवलं, आई रागावली."

"तुम्ही हे असं पालकांना दाखवता?"

"मग कुणाला दाखवू?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडं पोरं पडत्यात, चावत्यात. न चावणारी पोरं पायजे असतील तर रावेतला बघा."

रावेतला मी जाऊन आलो हे त्यांना कसं कळलं, ते मला कळलं नाही. बहुतेक सगळेच आधी तिकडे जात असावेत.

कंपनीत कुणी मला अशी वही दाखवली असती तर मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते. जिथे चुका लिहितात तिथे माणसं बघत असतात. पण बाप म्हणून ती वाचवत नाही. प्रत्येक ओळीत मला स्वरूपाचा दंड दिसत होता.

तरी २७ तारखेपासून तिला पाठवतो आहे. व्हॅन नऊला येते. फॉर्म भरला. आईच्या रकान्यात तुझं नाव लिहिलं, नंबरही लिहिला.

हात रोज धुतलेले असतात. कसं कळतं ते विचारू नकोस.

पण एक गोष्ट खटकते. त्या तिच्याकडे फार बघतात. मी दोन दिवस व्हॅनच्या मागे मोटरसायकल ठेवली होती, म्हणून कळलं. बाकीची मुलं आत जातात. स्वरूपाला केसरबाई फाटकातच थांबवते. ही तिथली मदतनीस, पन्नाशीची. ती तिचे हात उलटेसुलटे करून पाहते, मान वळवून पाहते, बूट पाहते, आणि आत जाऊन काहीतरी लिहिते. फक्त स्वरूपाचंच. कशासाठी? थेरगावला कुणी बघत नव्हतं याचा मला राग होता, हे मान्य. पण इतकं कुणी कुणाच्या मुलीला का बघावं?

आणखी एक. मंगळवारी माझ्या दुसऱ्या नंबरवर एक अनोळखी फोन आला. माझा आवाज ऐकताच ठेवला. त्यानंतर दोनदा नुसता वाजून थांबला. तो नंबर कंपनीत आमच्या क्वालिटी खात्यातल्या चार लोकांकडे आहे आणि तुझ्याकडे. तू कुणाला दिलास का? उत्तर दिलं नाहीस तरी मला समजेल.

नागसेन


१२ फेब्रुवारी, गुरुवार

अंजली,

हे पत्र पोचेल त्याआधी सुमनताईंचा फोन तुला येऊन गेलेला असेल. त्यांनी जे सांगितलं ते खरं आहे. मी ते माझ्या बाजूने पुन्हा लिहितो. त्यात माझी बाजू अशी काही नाही.

ठिपका मी बंद केला नव्हता. वाढवला होता. तळव्यावर निळा ठिपका, दोन्ही बुटांच्या गाठींवर कंपनीतल्या मार्करची पिवळी रेघ, आणि फ्रॉकच्या पाठीवरच्या वरच्या बटणावरून कापडावर एक. रोज सकाळी, व्हॅन यायच्या आधी. काल संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बटणावरची रेघ तुटलेली होती. टोकं दोन सुतांनी सरकलेली. म्हणजे फ्रॉक काढून पुन्हा घातला होता.

मला काय काय वाटलं ते लिहीत नाही. तू आई आहेस. आज बारा वाजता न कळवता मोशीला गेलो. ओसरीवर बूट काढले. भांडायला आलोय आणि बूट कसले काढतोय, असं तेव्हाही वाटलं. पण तिथे सगळे काढतात.

सुमनताई खुर्चीतून उठल्या नाहीत.

"या. आज येणार असं वाटलंच होतं. बटणाचं ना?"

मी उभाच राहिलो.

त्यांनी एक वही पुढे सरकवली. वर स्वरूपाचं नाव. आत प्रत्येक पानावर मुलाच्या शरीराची साधी बाह्यरेखा, एक पुढून, एक मागून, आणि खाली तारीख. जे मूल बोलत नाही त्याच्या अंगावरची प्रत्येक खूण लिहायची, हा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतलेला आहे. मी वाचलं ते आठवतं तसं उतरवतो.

"२७ जानेवारी. उजवा तळवा, निळा ठिपका. साबणाने गेला."

"२८. पुन्हा, त्याच जागी. डाग नाही. कुणीतरी करतं."

"३०. बुटांच्या गाठींवर पिवळा ऑइलपेंट. गाठ सोडली की तुटतो. कशासाठी?"

"३ फेब्रुवारी. आईच्या नंबरवर फोन केला. पुरुषाने उचलला."

"११. आमटी सांडली. फ्रॉक बदलला, धुतला, वाळल्यावर तोच घातला. बटणावरची रेघ तुटली. तुटणारच होती. घरून कुणीतरी येईल."

आईच्या रकान्यात मी तुझं नाव लिहिलं होतं, पण नंबर माझा दुसरा दिला होता. तुझ्याशी कुणी माझ्यामागे बोलू नये म्हणून. मंगळवारचा तो फोन त्यांचा होता. फॉर्मवर मीच नंबर दिलाय, हे तुला विचारताना मला आठवलंच नाही.

"अंजलीबाई आहेत का विचारायच्या आधीच तुम्ही बोललात," सुमनताई म्हणाल्या. "'हॅलो, क्वालिटी.' मी तर घाबरूनच ठेवला बघा. म्हटलं आईच्या नंबरवर हे कोण क्वालिटी."

केसरबाई दाराशी उभी होती. तिला हसू आलं. सुमनताईंनी तिच्याकडे पाहिलं तशी ती थांबली.

"आता तुम्हीच सांगा नागसेनभाऊ. पोरीच्या अंगावर रोज नव्या खुणा. आईच्या नंबरवर माणूस. आम्ही काय समजायचं?"

"मी तुमची तपासणी करत होतो," मी म्हणालो.

"व्हय. आम्ही पण तुमचीच करत होतो."

त्यांनी टेबलाचा खण उघडून एक कागद दाखवला. बालकल्याण समितीच्या नावाने अर्ज. लिहून झालेला, सही झालेली, तारीख तेवढी कोरी. "उद्या जाणार होता," त्या म्हणाल्या. "आता तिच्या आईशी बोलल्यावर ठरवीन. खरा नंबर द्या."

"ती माझा फोन उचलत नाही."

"तुमचा नको उचलू दे. माझा उचलेल."

मी नंबर दिला. तुला न विचारता दिला, त्याबद्दल तू बोलू शकतेस.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्या वहीत नव्हतं, आणि फोनवर त्यांनी ते तुला सांगितलं की नाही हे मला माहीत नाही. म्हणाल्या, "आमची पोरं सकाळी आली की नमस्ते करत्यात. ज्याला जमेल तसं. हात हलवणारी हलवत्यात, नुसतं बघणारी बघत्यात. तुमची पोरगी आत येते, उजवा तळवा पुढं करते. केसरने बघितला की वळून पाठ करते आणि मान खाली घालून उभी राहते. कुणी पाव्हणा आला तरी तेच. परवा गॅसवाला आला तर त्याच्यापुढं पण. मी तीस वर्षं ही पोरं सांभाळते. असा नमस्कार कधी बघितला न्हाई. कुणी शिकवला?"

आपण दोघांनी तिला चमचा धरायला शिकवायला दीड वर्ष घालवलं. हे तिला मी बारा दिवसांत शिकवलं.

मी निघालो. ओसरीवर माझे बूट जागेवर नव्हते.

पायरीजवळ सोडले होते. तिथे काही नव्हतं. भिंतीच्या कडेने सगळ्या चपलांची एक रांग लागली होती, मुलांच्या, बायांच्या, शेवटी व्हॅनच्या ड्रायव्हरच्या, आणि त्याच्याही पलीकडे, टोकाला, माझे. नीट, टाचा भिंतीला लावून. स्वरूपा रांगेच्या या टोकाला उकिडवी बसून एका बारक्या सँडलचा बंद सरळ करत होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. केसरबाई म्हणाली, "रोज लावते. आम्ही लावू देतो. कुणाचं काही हरवत न्हाई, उलट सापडतं."

मी बूट हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. केसरबाईने विचारलं, पाणी देऊ का.

सप्टेंबरमध्ये मी काय केलं ते तुला माहीत आहे, पण मी ते कधी बोललो नाही, म्हणून लिहितो. तू औषधाच्या दुकानातली नोकरी सोडलीस तरी दुपारी कुठेतरी जातेस, असं माझ्या मनाने घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. कामावर निघताना मी तुझ्या चपलेच्या तळापासून दारातल्या फरशीवर बारीक रेघ मारायचो. अकरा दिवस. सात दिवस ती तुटलेली निघाली. तुला मी विचारलं, कुठे गेली होतीस. तू म्हणालीस, कुठेच नाही. मी म्हणालो, पुरावा आहे. तू वाकून फरशी पाहिलीस, पिवळे तुकडे नखाने खरवडलेस, आणि दुसऱ्या दिवशी तुझी आई आजारी पडली, तू जिंतूरला निघून गेलीस.

घरातल्या चपला कोण हलवतं हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. पहिल्या पत्रात मीच ते लिहिलं आहे, काढून बघ. लिहितानासुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी तू "अरे, पोरगी हलवते" असं म्हणाली होतीस की नाही, हे मी आज दिवसभर आठवतो आहे. म्हणाली असशील. मी ते बचाव म्हणून ऐकलं असेल.

सुमनताईंनी २३ तारखेला, सोमवारी साडेदहाला आपल्या दोघांना बोलावलं आहे. तू त्या तारखेची वाट बघू नकोस. आधी कधीही जा. न सांगता जा. स्वरूपाची वही माग, अपघातांची माग, फाटकात उभी राहून केसरबाईला बघ. शाळा पटली नाही, किंवा मी पटलो नाही, तर स्वरूपाला घेऊन जा. मी आडवा येणार नाही. शाळा पटली तर मात्र तिला तिथेच ठेव. मग ती माझ्याजवळ राहील की तू पिंपरीत परत येऊन वेगळी खोली घेशील, ते तू ठरव. मला एवढंच कळतं, की ज्यांनी माझ्यावर संशय घेतला त्यांच्याकडे ती सुरक्षित आहे.

मार्कर उद्या कंपनीत जमा करतो.

१३ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून दुसरी शिफ्ट आहे, म्हणून व्हॅनच्या वेळी घरी होतो. स्वरूपाने तळवा पुढे केला. मी पेन घेतलं नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि पाठ केली. मी फ्रॉकचं बटण लावलं, तेवढंच. ती वळली आणि पुन्हा तळवा. मग रडायला लागली, ठिपका नाही म्हणून. दारातून हलेना. खाली हॉर्न वाजला तरी कानावर हात नाही, हात माझ्यापुढेच.

आई म्हणाली, "आरं, तुझा हात दे की तिला. नुसता काय उभा राहिलास?"

मी माझा तळवा तिच्या तळव्यावर ठेवला. तिने तो उलटा केला, सुलटा केला, नीट बघितला. त्यावर काही नव्हतं. मग सोडला आणि जिना उतरून गेली. जाताना खालच्या मजल्यावर अण्णासाहेबांच्या नातवाची एक चप्पल सरळ केली.

पाकीट आईने चिकटवलं आहे. त्यावर रेघ नाही. आधी कुणी उघडलं तर मला कळणार नाही.

नागसेन